धुळाक्षरांपासून पहिल्या पुस्तकापर्यंत

श्रोतेहो, एखादे काम सुरू झाले की आपण म्हणतो, 'झाला बुवा श्रीगणेशा!' जुनी माणसे म्हणत, 'ओनामा झाला.' कोणी दुसऱ्याचे अनुकरण करू लागला की तो त्याचा 'कित्ता गिरवतो.' दिवसभर कचेरीत कागद काळे करणे म्हणजे 'खर्डेघाशी.' आणि ज्याला एखाद्या विषयाची सुरुवातही ठाऊक नाही, त्याच्याबद्दल आपण सरळ सांगून टाकतो, 'त्याला यातलं ग म भ न येत नाही.' हे सगळे शब्द आले कुठून? ते आले लहान मुलांच्या शाळेतून. आपली मराठी भाषा शाळेची पायरी विसरलेली नाही.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो इतिहास लढायांचा नाही आणि राज्यांचाही नाही. आपल्या मराठी मुलखात गेल्या दोनशे वर्षांत लहान मुलांना वाचायला कसे शिकवीत आले, एवढाच हा विषय आहे. विषय लहान दिसतो. पण ज्या गुरुजींच्या आणि बाईंच्या पुढे पहिलीचा वर्ग बसलेला आहे, त्यांना विचारा. वर्षभर घसा कोरडा करूनही चार पोरे 'क' आणि 'फ' यांच्यातच अडकून पडतात, तेव्हा त्यांची काय अवस्था होते! अशा वेळी आपल्या आधी ही वाट कोण कोण चालून गेले आणि त्यांना कुठे ठेच लागली, हे ठाऊक असलेले बरे.

पेशवाई 1818 साली बुडाली. त्यानंतर काही वर्षांतच मुंबई इलाख्याच्या नव्या कारभाऱ्यांनी गावोगावच्या शाळांची माहिती मागवली. शाळा किती, पंतोजी कोण, मुले किती आणि कोणाची, त्यांना मोबदला काय मिळतो, अशी ती चौकशी होती. 1820 ते 1830 या काळातले ते कागद शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी पुढे शोधून, नीट लावून प्रसिद्ध केले. त्या कागदांतून आणि जुन्या माणसांच्या आठवणींतून पंतोजींची शाळा आपल्याला चांगली दिसते.

ही शाळा भरे देवळात, कोणाच्या ओसरीवर किंवा धर्मशाळेत. पंतोजी एकटाच. इयत्ता नाहीत, तास नाहीत, छापील पुस्तक तर नाहीच. कोणी शिधा देई, कोणी थोडे पैसे देई, त्यावर पंतोजींचे चाले. नवा मुलगा आला की त्याच्या पुढ्यात लाकडी पाटी ठेवायची. तिच्यावर बारीक धूळ पसरलेली असे. पंतोजी पोराचा हात धरून त्या धुळीत पहिली अक्षरे काढून घेत. आधी 'श्रीगणेशाय नमः' आणि त्यामागून 'ॐ नमः सिद्धम्'. पोरांच्या तोंडात त्याचे 'ओनामासीधं' झाले आणि त्यातूनच आपला 'ओनामा' निघाला. अक्षर काढायचे, मोठ्याने म्हणायचे, तळहाताने धूळ सारखी करायची, पुन्हा काढायचे. यालाच म्हणत धुळाक्षरे.

अक्षरे बसली की बाराखडी. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की' असा एकच घोष सगळ्या ओसरीवर चाले. पुढे जोडाक्षरे, मग माणसांची नि गावांची नावे. बरोबरीने पाढे, आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. हात थोडा वळला की बोरूची लेखणी हाती यायची आणि मोडी अक्षरांचे खर्डे घोटायचे. अक्षराला 'वळण' लागले म्हणजे मुलगा तयार झाला. आपण पोराला वळण लावणे म्हणतो ना, त्यातला 'वळण' शब्द आणि अक्षराचे 'वळण' एकच आहे. दोन्हींना वेळ लागतो आणि दोन्ही जन्मभर पुरतात.

या शाळेला आपण हसतो. छडी, अंगठे धरून उभे राहणे, घोकंपट्टी, हेच आपल्याला आठवते. पण तिच्यातली एक गोष्ट खरोखर शहाणपणाची होती. धूळ फुकट मिळते. चुकले तर क्षणात पुसते, चुकीची खूण मागे राहत नाही. शिवाय हात, डोळा आणि तोंड ही तिन्ही एकाच वेळी त्या एका अक्षरावर काम करतात. हे शहाणपण किती लांब गेले पाहा. मद्रासेस लष्करातल्या मुलांसाठी एक अनाथालय होते. 1789 पासून तिथली शाळा डॉ. अँड्र्यू बेल हे पाद्री पाहत. देशी शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेत ती रीत आणली. मोठ्या मुलाने लहानांना शिकवायचे, हीही युक्ती त्यांनी तिथे वापरली. 1797 साली त्यांनी लंडनला जाऊन त्यावर पुस्तक छापले. मग बेल आणि जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांतून इंग्लंडातली गरीब मुले वाळूत अक्षरे गिरवू लागली. आणि गंमत अशी की, 1820 नंतर मुंबईत नव्या शाळा निघाल्या तेव्हा तीच रीत 'लँकेस्टरची पद्धत' या विलायती नावाने आपल्याकडे परत आली!

आता खरा प्रश्न असा की, पंतोजींच्या शाळेत मुलगा लिहायला शिके, म्हणायला शिके. पण वाचायला शिके का?

तेव्हा वाचायचे ते मोडीत. पत्रे, खते, जमाखर्च, कचेरीचे हुकूम सगळे मोडी. आणि मोडीचा स्वभाव असा की आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत सरसर जायचे. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळायचा नाही. असा कागद नुसत्या अक्षरओळखीने वाचता येत नाही. कागद कशाविषयी आहे, कोणी कोणाला लिहिला आहे, अशा पत्रात कोणते शब्द येतात, याचा अंदाज असेल तरच शब्द सुटे होतात. हा अंदाज पंतोजी देत नसत. तो मुलाला घरी मिळे. बाप कुलकर्णी असे, चुलता सावकाराकडे कारकून असे, आजोबा संध्याकाळी पोथी वाचत. मुलगा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसे आणि ऐकता ऐकता, पाहता पाहता वाचायला लागे. शाळेने अक्षर दिले आणि घराने अर्थ दिला.

ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. माझ्या आजच्या सगळ्या सांगण्याचे मर्म तिच्यात आहे. त्या शाळेत जाणारी बहुतेक मुले लिहित्यावाचत्या घरांतली किंवा व्यापारउदीम करणाऱ्या घरांतली होती. मुलींचे नाव पटावर जवळजवळ नव्हते. ज्यांना अस्पृश्य मानले, त्यांच्या मुलांना त्या ओसरीची पायरी बंद होती. म्हणून शाळेच्या शिकवण्यात जे उणे होते ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. घर ते उणे गुपचूप भरून काढीत होते.

पुढचा मोठा पालट छापखान्याने केला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना 1822 साली शाळा काढण्यासाठी आणि शाळांची पुस्तके तयार करण्यासाठी एक संस्था उभी राहिली. त्या कामात पुढे आलेले आपले गृहस्थ म्हणजे सदाशिव काशिनाथ छत्रे, लोकांचे बापू छत्रे. 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही त्यांची पुस्तके 1828 साली छापून निघाली. मुलांसाठी म्हणून मराठीत पुस्तक असू शकते, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. गोष्टीतला कोल्हा, करकोचा आणि सिंह कागदावर उतरले आणि वाचणाऱ्या पोराला वाचण्याचे कारण मिळाले. पुढे काय झाले ते कळावे म्हणून वाचायचे!

छापील पुस्तके बाळबोध लिपीत. नावच बघा, बाळांना बोध होईल अशी ती बाळबोध. अक्षर सुटे, ठसठशीत. शब्दाशब्दांत मोकळी जागा. आणि वाक्यांना विरामचिन्हे. सरकारी पुस्तकांची भाषा तपासण्याचे काम मेजर टॉमस कँडी यांच्याकडे बरीच वर्षे होते. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी रूढ झाली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज चौथीच्या मुलाचे स्वल्पविरामाचे दोन गुण कापताना ध्यानात येत नाही, पण ही चिन्हे वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आली आहेत. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, हे पूर्वी घरातला वडीलधारा सांगे. आता ते कागदच सांगू लागला. घराकडचे थोडे काम पुस्तकाने आपल्याकडे घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

मोडी मात्र लगेच गेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्राथमिक शाळेत मुले बाळबोध आणि मोडी अशा दोन्ही लिप्या शिकत होती.

मग आले 1848 साल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. त्यापायी त्यांना काय सोसावे लागले ते तुम्ही जाणता. वाचन शिकवण्याच्या दृष्टीने काय घडले, तेवढेच मी सांगतो. ज्या घरात पूर्वी कधी कोणी अक्षर पाहिले नव्हते, त्या घरची मुले प्रथमच पाटी घेऊन बसली. त्यांच्या घरी पोथी नव्हती, खतपत्र नव्हते, चुकले तर सांगणारे माणूस नव्हते. जे काही द्यायचे ते शाळेनेच द्यायला हवे होते. आणि त्या शाळेने ते दिले. त्याचा पुरावा 1855 सालच्या 'ज्ञानोदय' पत्रात छापलेला आहे. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्यात आला. जेमतेम तीन वर्षे शिकलेली ती विद्यार्थिनी. तिने पाठ केलेला धडा लिहिला नाही, स्वतःच्या लोकांचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडले. घरची मदत नसतानाही शाळा मुलाला कुठवर नेऊ शकते, ते यावरून कळते.

पण सगळीकडे असे झाले नाही. 1855 साली मुंबई इलाख्यात सरकारचे विद्याखाते सुरू झाले. शाळा वाढल्या, तपासणी आली, परीक्षा आली. परीक्षेत किती मुले उतरली यावर खासगी शाळांचे अनुदान ठरवण्याची रीतही काही काळ चालली. मग काय होणार? डिप्टीसाहेब येणार म्हटले की शाळा सारवायची, पोरांनी टोप्या घालायच्या आणि ठरलेला धडा तोंडपाठ करून ठेवायचा. साहेब म्हणाले 'वाच', की पोरगा पुस्तक डोळ्यांपुढे धरून घडाघडा म्हणून टाकी. पुस्तक उलटे धरले असले तरी त्याचे काही अडत नसे!

गुरुजनहो, हसू नका. उलटे पुस्तक धरून वाचणारे पोर आजही तुमच्या वर्गात सापडेल. ते लबाडी करीत नसते. त्याला खरेच वाटते की यालाच वाचणे म्हणतात. गुरुजींनी म्हटले, सगळ्यांनी म्हटले, मीही म्हटले. चित्र आंब्याचे आहे म्हणून 'आंबा' म्हणायचे, चित्र झाकले की गप्प बसायचे. त्याने चित्र वाचले, सूर वाचला, शेजाऱ्याचे ओठ वाचले. अक्षर तेवढे राहिले.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारने प्राथमिक शिक्षणाकडे लक्ष द्यावे, बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचे करावे, शिक्षक शेतकऱ्यांच्या वर्गातूनही तयार करावेत, मुलांना मोडी व बाळबोध वाचनलेखनाबरोबर शेतीची आणि आरोग्याची माहिती द्यावी, असे त्यांनी मांडले. शेतकऱ्याच्या घरातला शिक्षक का? तर जो शिक्षक मुलाच्या घरातले जग ओळखतो, तोच अक्षराचा त्या जगाशी सांधा जोडू शकतो.

दरवाजा हळूहळू उघडत गेला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि पुढे तो सगळ्या संस्थानात नेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तसेच बिल मांडले, पण 1912 साली ते फेटाळले गेले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. स्वातंत्र्याच्याच वर्षी, 1947 साली, मुंबई प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. दर वेळी दरवाजा रुंदावला, की ज्या घरात वाचणारे कोणी नाही असे आणखी एक मूल आत आले. आणि दर वेळी शिक्षकाला नव्याने कळले की आपल्या शिकवण्यात काहीतरी कमी पडते आहे.

म्हणूनच विसाव्या शतकात अध्यापन विद्यालयांत वाद सुरू झाला, वाचन शिकवायचे कसे? वर्णपद्धतीने, शब्दपद्धतीने, की वाक्यपद्धतीने? जुनी रीत म्हणे, आधी अक्षरे, मग बाराखडी, मग शब्द. नवे म्हणू लागले, मुलाला सुटे 'क' आणि 'ख' निरर्थक वाटतात. त्याच्या ओळखीचा अख्खा शब्द द्या, 'घर', 'नळ', 'बस', आणि त्यातून अक्षर सोडवून दाखवा. 'ग म भ न' ही जी ओळ आपल्या कानात बसली आहे, ती याच विचाराची एक पायरी. ओठ-दातांच्या क्रमाने क-ख-ग न शिकवता, आकाराने एकमेकांजवळची आणि काढायला सोपी अक्षरे आधी घ्यायची. चार अक्षरे आली की लगेच 'गगन', 'नग', 'मन' असे शब्द तयार होतात आणि पोराला पहिल्याच आठवड्यात वाचल्याचा आनंद मिळतो.

क्रमिक पुस्तकेही पालटली. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने उपदेशाचे जड धडे बाजूला सारून मुलांच्या जगातले विषय पुस्तकात आणले. पुढे 1967 साली पुण्याला पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि 'बालभारती' घरोघर पोहोचली. नव्या पुस्तकाचा वास घेतल्याशिवाय शाळा सुरू झाली असे किती पिढ्यांना वाटलेच नाही!

या वादात खरे कोणाचे? आपल्या लिपीकडे नीट पाहिले तर दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. आपली लिपी चांगली नियमाची आहे. एकदा 'काना' समजला की सगळ्या व्यंजनांना तो लावता येतो. हा फायदा बाराखडी देते आणि तो सोडू नये. पण लिपीत खाचखळगेही आहेत, ते बाराखडीने कळत नाहीत. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे, आधी. उच्चारताना मात्र 'क' आधी. पोर वेलांटीपाशी थबकते ते उगीच नाही. 'कमळ' यात शेवटचा 'ळ' पुरा लिहितो, पण उच्चारताना अर्धवट सोडतो. 'चार गाई' यातला 'च' वेगळा, 'गाईचा चारा' यातला वेगळा, अक्षर मात्र तेच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' यांत फरक फक्त एका गाठीचा किंवा रेघेचा. हे खळगे ओलांडायचे तर शब्द आधी कानावर आलेला असला पाहिजे आणि त्याचा अर्थ मनात हवा. ज्या मुलाने 'चारा' हजारदा ऐकला आहे, तो वाचताना आपोआप बरोबर उच्चार करतो.

इथे खेड्यातल्या शाळेपुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. पोर घरी 'पानी' म्हणते, पुस्तकात 'पाणी' आहे. ते 'न्हाई' म्हणते, पुस्तकात 'नाही' आहे. पुष्कळ ठिकाणी पहिल्याच दिवशी त्याला सांगितले जाते, 'असं बोलू नकोस, हे अशुद्ध आहे.' ते मूल तिथेच तोंड मिटते. आणि तोंड मिटलेले मूल वाचणार कसे? त्याला एवढेच म्हणावे, 'तू पानी म्हणतोस तेच हे बरं का. पुस्तकात ते असं लिहितात.' घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द यांची सोयरीक जुळू द्यावी. आईच्या बोलीला कमी लेखून पुस्तकाची गोडी लागत नाही.

हे सर्वांत चांगले जाणले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. 1957 साली ते काम आजच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग. या बायांनी विलायती सामानाची वाट पाहिली नाही. खडे, शिंपले, बिया, पाने, काटक्या हीच त्यांची साधने झाली. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, अशी ती अंगणवाडी. पोर गुरे राखायला कुरणात जाते ना? मग कुरणातच शाळा, ती 'कुरणशाळा'. अक्षराआधी तिथे गाणी होती, गोष्टी होत्या, गप्पा होत्या. लिहित्या घरातल्या मुलाला जे फुकट मिळे, ते या मुलाला शाळेने जाणूनबुजून दिले. पंतोजींच्या काळी जे घर करीत होते, ते काम शाळेने उघडपणे अंगावर घेतले.

ही गोष्ट जुनी झाली असे कोणी म्हणेल. तसे नाही. 2010 सालापासून शिक्षणाचा हक्क कायद्याने देशभर मिळाला आहे आणि बहुतेक मुले पटावर आली आहेत. पण ग्रामीण भागात घरोघर जाऊन 'असर'ची पाहणी होते. 2018 साली तिच्यात दिसले की, देशातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. 2022 च्या पाहणीत हे प्रमाण शंभरात सुमारे त्रेचाळीसवर आले. पुढे ते काहीसे सावरले. शाळा बंद असताना ज्या घरी पुस्तक होते आणि शेजारी बसणारे कोणी होते, त्या घरची मुले तगली. ज्यांच्यासाठी शाळा हेच सर्व काही होते, त्यांची अक्षरे विरत गेली. जुन्या ओसरीवरचा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. 2021 साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' ही मोहीम काढली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हा तिचा हेतू आहे. त्यातला 'समजून' हा शब्द महत्त्वाचा.

मग या दोनशे वर्षांतून आपण काय घ्यायचे? पंतोजींकडून धूळ घ्यावी. पाटी-पेन्सिलीच्या आधी पोराला मातीत, वाळूत बोटाने अक्षर काढू द्यावे. बाराखडीचा सूरही घ्यावा, पण तो सूर म्हणजेच वाचन असे समजू नये. आणि त्या घोकंपट्टीवर एक साधा उतारा आहे. रोज फळ्यावर एक नवे वाक्य लिहावे, पुस्तकात नसलेले. 'काल पाटलांच्या गोठ्यात वासरू झाले.' 'आज बाजार आहे.' जे पोर हे वाचून हसेल किंवा 'व्हय गुरुजी, मी बघितलं!' म्हणेल, ते खरे वाचले. जे धडा घडाघडा म्हणते पण इथे गप्प बसते, त्याच्याजवळ जाऊन बसावे. एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळताना वेळ कुठला, हे मी जाणतो. पण रोज दोन मुलांना पाच-पाच मिनिटे दिली, तरी महिन्याभरात सगळा वर्ग एकदा हाताखालून जातो. मोठ्या मुलाने लहानाला वाचून दाखवायचे, ही आपलीच जुनी युक्ती आहे. तिचाही उपयोग करावा.

आणि घरच्या मंडळींना, विशेषतः ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांना, दोन शब्द. तुम्ही म्हणता, 'आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?' तुम्ही शिकवू नका. रात्री भाकरी थापताना पोराला म्हणा, 'वाच रे आज काय शिकलास ते.' ते अडखळले तर रागावू नका. आणि वाचून झाले की एकच विचारा, 'मग फुडं काय झालं?' या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर त्याला समजून वाचावेच लागते. एस.टी. आली की तिच्यावरची पाटी त्याला वाचायला सांगा. आपल्या गावाचे नाव त्याने पहिल्यांदा स्वतः वाचले, त्या दिवसाचे त्याला जन्मभर अप्रूप राहते. लिहित्यावाचत्या घरात आजोबा जे करीत होते, ते एवढेच होते. पोराचे वाचणे कोणीतरी ऐकत होते.

तेव्हा श्रोतेहो, उद्या सकाळी शाळेत जाताना, किंवा पोराला शाळेत धाडताना, एवढे मनात असू द्या. ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, त्याच्यासाठी शाळा हेच घर आहे आणि गुरुजी हेच आजोबा. त्याचे वाचणे ऐकायला कोणीतरी जवळ बसले पाहिजे.